आलापल्लीचा गालिचा

अनिश आणि मैत्री,

तुमच्या शाळेत आजी-आजोबांवर चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या आणि तुम्ही दोघांनी लिहिलंत की तुमची चंद्रपूरची आजी निवृत्त शिक्षिका आहे. त्या कागदाचा फोटो तुमच्या आईने मला मोठ्या कौतुकाने पाठवला. अक्षर चांगलं आहे. मजकूर खोटा आहे. मी आयुष्यात एक दिवसही शिक्षिका नव्हते. मी अकरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन मशीनने गालिचे, सोफे आणि गाद्या धुतल्या. तुमच्या आईला हे चांगलं ठाऊक आहे. कॉलेजच्या सुट्टीत तिनेही दोनदा त्या मशीनची नळी धरली आहे. हा लेख तुम्हाला तीच वाचून दाखवणार, म्हणजे हे वाक्यही तिलाच मोठ्याने वाचावं लागेल.

इथल्या दिवाळी अंकाचे संपादक दोन वर्षांपासून मागे लागले होते, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा म्हणून. मी टाळत होते. तो फोटो पाहिला आणि त्याच दुपारी लिहायला बसले.

आधी मशीन माझ्याकडे कसं आलं ते सांगते. चंद्रपुरात एका गृहस्थांनी मोठं हॉटेल काढायचं ठरवलं होतं. इमारत उभी राहण्याआधीच त्यांनी गालिचे धुण्याचं परदेशी मशीन मागवून ठेवलं. हॉटेल झालं नाही. मशीन गोदामात पडून राहिलं, कारण ते कसं चालवायचं हे कुणालाच कळेना. सोबत चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका होती. ती कुणी उघडली नव्हती. तुमच्या आजोबांची त्या गृहस्थांशी ओळख होती. आजोबांनी ती पुस्तिका गंमत म्हणून घरी आणली आणि मी ती हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचली. माझ्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर एक गोष्ट ठरवून टाकली होती, पोरी शिकतील आणि इंग्रजीत शिकतील. स्वतः ते बल्लारपूरला मजुरी करायचे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी माझ्याकडून घोटून घेतलेली इंग्रजी अशी एका गोदामात कामाला आली. मी मशीन चालवून दाखवलं आणि त्या गृहस्थांनी ते मला स्वस्तात देऊन टाकलं.

घरात मात्र वादळ झालं. माझे थोरले भाऊ, तुमच्या आईचे मामा, दारातच उभे राहून म्हणाले, "बाबानं तुले कॉन्व्हेंटात कायले घातलं व? लोकायच्या घरची घाण उपसाले?"

त्यांचा राग कुठून आला होता हे मला कळत होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांना ही घाण पोटासाठी नव्हे, जबरदस्तीने उपसावी लागली होती. मी म्हटलं, "दादा, घाण त्यांचीच राहणार आहे. मी फक्त टाकीत भरून त्यांना दाखवणार."

दादा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता काम काय असतं ते ऐका. तुमच्या घरातला तो गोल रोबो जमिनीवर फिरून कचरा उचलतो, ते निराळं. आमचं मशीन म्हणजे चाकांवरचं लोखंडी कपाट समजा. आत दोन टाक्या. एकीत गरम पाणी आणि साबणाचं औषध. एका नळीच्या टोकाला चपटं तोंड असतं. ते गालिच्यावर टेकवून खटका दाबला की पाणी जोराने लोकरीच्या मुळापर्यंत जातं आणि तेच तोंड ते पाणी लगेच परत ओढून घेतं. ओढलेलं पाणी दुसऱ्या टाकीत जमतं. दाबायचं कमी आणि ओढायचं जास्त, सगळं कौशल्य एवढ्यातच. नवखा माणूस पाणी मारतच सुटतो, गालिचा खालून ओला राहतो, तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. म्हणून पावसाळ्याचे चार महिने मी कुठल्याही गालिच्याला हात लावत नसे.

चंद्रपूरच्या गालिच्यांमधून निघणारं पाणी काळं असतं. करडं नव्हे, दौतीतल्या शाईसारखं काळं. खाणी आणि वीजघर यांच्या मधोमध आम्ही राहतो आणि कोळसा दार ठोठावून येत नाही. माझा नियम होता, दुसरी टाकी घरमालकासमोर उघडायची. बहुतेकांचे चेहरे पडायचे. एका डॉक्टरीणबाईंचा मात्र पडला नाही. त्या टाकीत डोकावून म्हणाल्या, "ही घाण आमच्याकडची नाहीच. तुमच्या मशीनमध्ये आधीची असेल." मी मशीन त्यांच्यासमोर धुतलं, स्वच्छ पाणी भरलं आणि त्यांच्या सोफ्यावर पुन्हा चालवलं. पुन्हा काळं. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे तुमचं पाणीच खराब आहे." पाणी त्यांच्याच नळाचं होतं.

दुसऱ्या एका घरी आम्ही निघालो की मागोमाग गोमूत्र शिंपडलं जायचं. पहिल्या वेळी मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या वेळी मी फाटकाशी थांबून पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं की गोमूत्राने लोकर पिवळी पडते आणि पिवळ्या लोकरीवर आमचं औषध चालत नाही. लोकर पिवळी पडते हे खरं आहे. औषध चालत नाही हे मी बनवून सांगितलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो जैवंताबद्दल. हा लेख तिच्यासाठीच लिहिते आहे.

जैवंता एटापल्लीकडच्या एका जंगलातल्या गावची गोंड बाई. नवऱ्याबरोबर चंद्रपूरला आली आणि शहराच्या कडेच्या वस्तीत राहू लागली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान. माझ्याकडे आली तेव्हा तिला मशीनचं भय वाटायचं. सहा महिन्यांत ती माझ्यापेक्षा चांगलं चालवू लागली. मी पुस्तिकेत पाहून औषध मोजायची, ती बोटं लोकरीत घालून सांगायची, "बाई, याले इतकं नोको. हे म्हातारं हाये." आणि बरोबर निघायचं. वस्तीतल्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष होती. गडचिरोलीत तेव्हा दारूबंदी होती, चंद्रपुरात नव्हती, आणि त्या वस्तीच्या तोंडाशीच, शाळेसमोर, दारूचं दुकान होतं. ते हटवावं म्हणून जैवंता कामावरून गेली की दारोदार जाऊन बायकांच्या सह्या घ्यायची. लागणाऱ्या सह्यांपैकी निम्म्याच्या वर झाल्या होत्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून निरोप आला. एका लाकडाच्या ठेकेदारांच्या घरी मुलीचा साखरपुडा होता, बैठकीतला मोठा गालिचा धुवायचा होता. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणायचे. गावातल्या दारूबंदी समितीचे ते अध्यक्ष होते आणि तसा फलक त्यांच्या फाटकावर होता. आम्ही पहाटे निघालो. सुधाकर गाडी चालवत होता, मागे मशीन, मध्ये जैवंता आणि मी. गोंडपिपरी गेलं, वैनगंगेचा पूल ओलांडला, आष्टी गेली आणि दोन्ही बाजूंना सागवान सुरू झालं. रस्त्यात टोपल्या घेऊन मोहफुलं वेचणाऱ्या बायका दिसत होत्या. जैवंता खिडकीतून त्यांना हात करत होती.

गालिचा सुंदर होता. जाड लोकरीचा, लालसर, पंधरा माणसं आरामात बसतील एवढा. मी नियमाप्रमाणे ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का ते पाहिलं. सुटत नव्हता. झाडून, कोरडी धूळ ओढून घेऊन जैवंताने गरम पाणी सुरू केलं आणि मी आत बाईसाहेबांबरोबर चहाला बसले.

दहा मिनिटं झाली असतील. वास आला. आधी थोडा, मग घरभर. तुम्हाला तो वास माहीत नाही. आंबूस, गोड, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. गडचिरोली जिल्ह्यात तो लहान मुलालाही ओळखू येतो. मोहाची दारू.

बाहेर भाऊसाहेबांचा आवाज चढला. "कोण पिऊन आलं रे माझ्या घरात?"

मी बैठकीत गेले. भाऊसाहेब जैवंतापुढे उभे होते. तिने खटका सोडला होता, नळी हातात तशीच होती. दारात सुधाकर आणि घरातले दोन गडी जमले होते.

"मॅडम, ही कोणती बाई आणली तुम्ही? माझ्या घरात उद्या मंत्र्यांचे लोक येणार आहेत. मी समितीचा अध्यक्ष आहे, अध्यक्ष! आणि ही सकाळी सकाळी टाकून आली. या लोकांचं असंच असते. कुठीही न्या, सुटत नाई."

जैवंता म्हणाली, "मी नाई पेत जी."

"मग हा वास का भिंतीतून येऊन राह्यला? पोलिसाले फोन लावू का?"

ती माझ्याकडे पाहू लागली. मी काय बोलायला हवं होतं हे तुम्हाला वाचता वाचताच कळलं असेल. सात वर्षं ती माझ्याबरोबर होती. पहाटेपासून तीन तास ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिच्या श्वासाला चहा आणि तंबाखूच्या मंजनाशिवाय कसलाही वास नव्हता, आणि ते मला माहीत होतं. तरी मी पुढे गेले आणि म्हणाले, "जैवंता, तोंड उघड."

तिने उघडलं. मी वाकून वास घेतला. सगळी खोलीच त्या वासाने भरलेली होती, मला काय कळणार होतं? मी विचारलं, "खरं सांग."

"बाई, तुमी बी?" ती म्हणाली. एवढंच.

मग तिने नळी खाली ठेवली, गुडघ्यावर बसली आणि ओल्या गालिच्याला नाक लावलं. उठून तिने दुसऱ्या टाकीचं झाकण काढलं. पाणी तपकिरी होतं, बोटाला चिकट लागत होतं.

"हे माह्या तोंडाचं नोहे," ती भाऊसाहेबांना म्हणाली. "तुमच्या गलीच्याचं हाये. इथी वाका नं जी, वास घेऊन पाहा."

"मी वाकू?" भाऊसाहेब म्हणाले.

"मी वाकलीच नं."

ते वाकले नाहीत. जैवंताने एकटीने गालिच्याची एक बाजू उलटली. पाठीवर काळपट डाग होते, गोल, एकाशेजारी एक, चारच्या ओळीत, पोत्याच्या बुडाएवढे. आम्ही सगळे ते पाहत होतो तेवढ्यात आतल्या खोलीतून भाऊसाहेबांच्या आईचा आवाज आला. नव्वदीच्या आसपास असतील, बाजेवरून उठत नव्हत्या, पण कान शाबूत होते.

"अरे, त्याच गलीच्यावर मोहाचे पोते होते नं! मांगच्या पावसाळ्यात वर पाणी गळलं, पोते भिजले, सारा मोह आंबून गेला. मी तवाच म्हटलं होतं, पोत्याखाली गलीचा नोको घालू, पण माहं कोण आयकते?"

"आई, तू गप्प राय!"

"काऊन गप्प राहू? मोहाचे पोते तूच नं घेतले होते? समितीवाला झाला मोठा!"

एक गडी तोंडावर हात धरून बाहेर पळाला.

प्रकार साधा होता. भाऊसाहेब गावोगावहून मोहफुलं घेऊन साठवायचे. बंदीच्या जिल्ह्यात ती किती साठवायची आणि कुणाला द्यायची, हे त्यांचं त्यांना माहीत. जमिनीची ओल पोत्यांना लागू नये म्हणून खाली जुना गालिचा उलटा अंथरला. छत गळलं, फुलं भिजून आंबली, रस लोकरीत उतरला आणि वाळला. वाळल्यावर वासही झोपला. गालिचा झटकून बैठकीत आला. लोकर वास धरून ठेवते आणि गरम पाणी तो जागा करतं. हे पुस्तिकेत होतं. तिसाव्या पानावर. मी त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. पण मला त्या क्षणी पान आठवलं नाही, आणि जैवंताला पान लागलंच नाही.

भाऊसाहेब म्हणाले, "गैरसमज झाला. चला, चहा घ्या आणि काम उरका." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे बाहेर जाऊ नये. तुम्ही शिकलेल्या आहात, समजते तुम्हाला. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

त्यांच्या इज्जतीचा! पाच मिनिटांपूर्वी एका बाईवर पोलीस घालायला निघालेला माणूस तिची माफी तर सोडाच, तिच्याकडे बघायलाही तयार नव्हता. आणि मी? मी "ठीक आहे" म्हटलं.

मला वाटलं जैवंता काम टाकून गाडीत जाऊन बसेल. तिने तो गालिचा तीन वेळा धुतला, शेवटी व्हिनेगरच्या पाण्याने, आणि पंखे लावून वाळायला टाकला. वासाचा लवलेश राहिला नाही. परतीच्या रस्त्यात ती पुढे सुधाकरशेजारी बसली. घरी पोचल्यावर म्हणाली, "उद्यापासून नाई येत मी."

गोष्ट बाहेर जाऊ नये असं भाऊसाहेबांना वाटत होतं, पण अर्धी गोष्ट गेलीच. सुधाकर पोलिसांचं नाव ऐकून गाडीपाशी पळाला होता आणि गालिचा उलटला तेव्हा तो तिथे नव्हता. त्याने पानठेल्यावर सांगितलं की जैवंताले आलापल्लीत दारू पेऊन पकडलं. दोन दिवसांत ते वस्तीत पोचलं. दारू दुकानवाल्याला आयतंच मिळालं. त्याची माणसं हसत सांगू लागली, तुमची अध्यक्षच ढोसते, सह्या कोणाला देता? बायका सह्या मागे घ्यायला लागल्या. एकीने तिच्या तोंडावर म्हटलं, "आमचे नवरे सुधारू म्हणते अन् सोता जंगलात जाऊन पेते."

हे मला तिच्याकडून कळलं नाही. दादांकडून कळलं. ते त्या वस्तीच्या विहारात दर रविवारी जात. दादा घरी आले आणि पहिल्यांदाच माझ्या मशीनवर हात ठेवून उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं, मी तिला "तोंड उघड" म्हणाले तेही. त्यांनी मशीनवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "घाण त्यायची, म्हणत होतीस नं तू? हे कोणाची व?"

मी भाऊसाहेबांना फोन केला. दोन ओळी लिहून द्या, म्हटलं, त्या बाईची चूक नव्हती एवढंच. ते म्हणाले, "लेखी कशाला मॅडम? लहान गोष्ट आहे, लोक विसरून जातील." दुसऱ्यांदा केला तर उचलला नाही.

मग मी रविवारी गटाच्या बैठकीला गेले. विहाराच्या ओट्यावर तीसेक बायका बसल्या होत्या. जैवंता मागे, कोपऱ्यात. मी उभी राहिले आणि सगळं क्रमाने सांगितलं, पोती, गळकं छत, आंबलेला मोह, भाऊसाहेब, त्यांची आई. बायका म्हातारीच्या बोलण्याला खळखळून हसल्या. मग मी सांगितलं की मीही हिला तोंड उघडायला लावलं आणि हुंगलं, आणि तेव्हा कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "चूक माझी आहे. जैवंता, मी माफी मागते."

ती उठली. म्हणाली, "बाई, हे तिथी म्हणाचं होतं."

खरं होतं. सह्या परत मिळाल्या, पुढच्या महिन्यात पूर्णही झाल्या. दुकान शाळेसमोरून हललं, दोन गल्ल्या पलीकडे गेलं. जैवंता माझ्याकडे परत आली नाही. मी विचारायला गेले तेव्हा तिने चहा दिला, मुलांची चौकशी केली आणि मान हलवली. पण गटातल्या दोघी काम शोधत होत्या, कमल आणि शेवंता. त्यांना मशीन शिकवायला ती आठ दिवस माझ्या अंगणात आली. मी पुस्तिका घेऊन बसले होते. तिने ती एकदाही मागितली नाही. आठव्या दिवशी तिने त्या दोघींना पुस्तिकेत नसलेला एक नियम सांगितला आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

माझे गुडघे गेल्यावर मी धंदा सोडला आणि मशीन त्या दोघींना दिलं. जैवंता आता एटापल्लीजवळ आपल्या भावाच्या धानाच्या शेतावर असते. तुमच्या आईला सांगा, पुढच्या वेळी कागदावर काय लिहायचं ते मी इथे लिहून दिलं आहे.

मशीन अजून चालू आहे. नळी दोनदा बदलली, मोटर तीच आहे. कमल आणि शेवंता ते घेऊन चंद्रपूरपासून आलापल्लीपर्यंत जातात. जैवंताचा नियम त्या पाळतात. मशीन सुरू करण्याआधी गालिच्याच्या कोपऱ्यावर गरम पाणी टाकून घरमालकाला, तो कितीही मोठा असो, गुडघ्यावर बसवून त्या तो हुंगायला लावतात. मालक वाकला नाही तर मशीन परत गाडीत चढतं.